मौजे कोथरूड, तालुका हवेली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीजवळ पस्तीस वर्षांची जुनी सोसायटी आहे आणि आता पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. कागद काढायला गेल्यावर कमिटीच्या लक्षात आलं की मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सोसायटीचं नावच नाही. तिथे एकाच आडनावाची अकरा नावं आहेत आणि ती माणसं सोसायटीत कुणीच कधी पाहिलेली नाहीत. वर पत्ता ‘मौजे कोथरूड, तालुका हवेली’. विचारणाऱ्या ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत : ही अकरा माणसं कोण, आणि कोथरूड खरोखर खेडं होतं तर ते गेलं कुठे?

मी आधी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, होतो आणि नंतर बरीच वर्षं वकिलांसाठी टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी, करत आलो. सगळी मिळून चौतीस वर्षं. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातच आहे. गाव कुठेही गेलेलं नाही. तुम्ही ज्याला पार्किंग म्हणता ते त्या गावाचं एक शेत आहे आणि त्या शेताचा नंबर, बांध आणि वारस सरकारदरबारी अजून जिवंत आहेत.

‘मौजे’ या शब्दापासून सुरुवात करू. शब्द मूळचा अरबी, अर्थ ठिकाण. आपल्याकडे कसबा म्हणजे बाजाराचं मोठं गाव, पेठ म्हणजे मुद्दाम वसवलेली बाजारवस्ती आणि मौजे म्हणजे शेती करणारं साधं गाव. शनिवार, सदाशिव, नारायण या पेठा. कोथरूड, एरंडवणे, हिंगणे, वारजे, बावधन, पाषाण ही मौजे. आज सदाशिव पेठेतला माणूस आणि कोथरूडचा माणूस एकाच महापालिकेला कर भरतात, पण खरेदीखतात कोथरूडचा माणूस ‘तालुका हवेली’ लिहितो. महापालिका होऊन पंच्याहत्तर वर्षं उलटली (स्थापना १५ फेब्रुवारी १९५०), तरी महसुली कागदावर गाव ते गावच.

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ, पार आणि घरं येतात. मोजणीवाल्याच्या लेखी तो गावाचा सगळ्यात छोटा भाग. त्याला गावठाण म्हणतात. बाकीचा सगळा पसारा म्हणजे शिवार, आणि शिवाराच्या कडेला गावाची शीव. कोथरूडची शीव पूर्वेला एरंडवण्याला, दक्षिणेला हिंगणे बुद्रुकला, पश्चिमेला बावधनला लागते आणि उत्तरेला टेकडी ओलांडली की पाषाण. हिंगणे बुद्रुक म्हणजे आजचं कर्वेनगर. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. धाकटं हिंगणे मुठेच्या पलीकडच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. एकाच नावाची दोन गावं नदीच्या दोन तीरांवर अशी जोडी पुण्याच्या आसपास पुष्कळदा सापडते.

कोथरूडचं गावठाण अजून ओळखू येतं. ग्रामदैवत म्हातोबा. त्याच्याच नावाची म्हातोबा टेकडी. गावठाणात शिरलं की रस्ता एकदम अरुंद होतो, घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि रिक्षावाला तोंड वाकडं करतो. याचं कारण असं की गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. सातबारा शेताचा असतो. गावठाणाची मोजणी नगर भूमापनात होते आणि प्रत्येक घराला सिटी सर्वे नंबर मिळतो, म्हणून तिथल्या भिंती ज्या रेषेत होत्या त्याच रेषेत आजही आहेत.

पेशवाईत कोथरूडला शहरातल्या लोकांचं येणंजाणं होतं. कर्वे रस्त्यावरचा मृत्युंजयेश्वर आणि पौड रस्त्याजवळचा दशभुजा गणपती ही दोन्ही पेशवेकालीन देवस्थानं आहेत, आणि पर्वतीचा कारभार पाहणाऱ्या देवदेवेश्वर संस्थानाकडेच त्यांची व्यवस्था आहे. म्हणजे पुण्याचा कोथरूडशी संबंध दोनशे वर्षांहून आधीपासून होता, फक्त तो दर्शनाचा आणि बागेचा होता, राहण्याचा नव्हता. शहरातला माणूस सकाळी निघून दुपारपर्यंत घरी परतायचा.

आता शिवाराकडे वळतो, कारण तुमची सोसायटी तिथे आहे.

इंग्रजांनी मुलूख घेतल्यावर पुणे जिल्ह्यात पहिली पाहणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. ती फसली. मग १८३६ च्या सुमाराला इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. एका बैलजोडीने कसता येईल एवढं शेत धरून एकेक सर्वे नंबर पाडला. बागायतीचा नंबर लहान, जिरायतीचा मोठा. मोजायला ३३ फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच तुमचा एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. आज बिल्डर तुम्हाला कार्पेट एरियाचा हिशेब चौरस फुटांत सांगतो, पण त्याच्या मुळाशी ती साखळीच आहे. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरासा जास्त. जुन्या टिपणावर, म्हणजे शेताच्या मोजमापाच्या कागदावर, बांधांची लांबी साखळ्या आणि आण्यांत लिहिलेली असते. तेव्हा शेजारच्या सोसायटीशी तुमचा दीड फुटावरून वाद चालला असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की मूळ मापणाऱ्याच्या हातातल्या मापाचा सर्वांत लहान घटक त्याहून मोठा होता!

हे सर्वे नंबर मोठमोठ्या संस्थांच्या पत्त्यात आजही मिरवतात. एमआयटी कॉलेजचा पत्ता सर्वे नंबर १२४, पौड रस्ता. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेचा सर्वे नंबर १०२. पौड रस्त्यावरच्या वनाज कारखान्याचा ८५/१. हा जो तिरकी रेघ मारून पुढे १ आहे तो हिस्सा नंबर. भावाभावांत वाटण्या झाल्या की सर्वे नंबरचे हिस्से पडतात, हिश्श्यांचे पोटहिस्से पडतात आणि १२/३ब/१ असे शेपूट वाढत जाणारे आकडे तयार होतात. मी नवीन मुलांना शिकवताना सांगायचो, हिस्सा नंबर उलटा वाचा, घराण्याची वंशावळ कळते.

कोथरूडच्या गल्ल्यांचं कोडंही इथेच सुटतं. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता हा भाग पाहा. रस्ते सरळ, गल्ल्यांना क्रमांक, प्लॉट चौकोनी. तो भाग भांबुर्डे आणि एरंडवणे या मौजांची शेतीच होता, पण १९१५ च्या नगररचना कायद्याखाली तिथे टाऊन प्लॅनिंग स्कीम झाली. स्कीममध्ये आधी सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, रस्ते आखतात आणि मग ज्याला त्याला नवा प्लॉट देतात. जुने बांध पुसले जातात. म्हणून त्या भागातल्या दस्तात ‘फायनल प्लॉट क्रमांक’ येतो. कोथरूडमध्ये बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. इथे एकेका शेतकऱ्याने एकेक सर्वे नंबर विकला, घेणाऱ्याने त्याच्या आतल्या आत लेआउट पाडला, आणि शेजारच्या नंबरचा लेआउट आणखी कुणीतरी आणखी काही वर्षांनी पाडला. दोन्हींचे रस्ते बांधावर येऊन एकमेकांना जुळत नाहीत. मयूर कॉलनीतून निघून डहाणूकरला जाताना तुम्ही जे दोनदा उगाच वळता, ते बहुधा कुणाच्या तरी बांधाला वळसा घालत असता.

एक वळण मात्र उगाच नाही. कर्वेनगरच्या बाजूला आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या मागे ‘कॅनॉल रोड’ नावाचे रस्ते आहेत. नीट चालून पाहा. चढ नाही, उतार नाही, पण सारखे नागमोडी. तो खडकवासल्याचा डावा कालवा होता. खडकवासला धरण १८७९ च्या सुमाराला पुरं झालं, त्याच्या उजव्या अंगाचा मोठा कालवा सगळ्यांना माहीत आहे, डावा लहान होता आणि लोक त्याला विसरले. कालवा समपातळी धरून जातो, म्हणून टेकडीच्या पोटाला धरून वळत राहतो, आणि त्याच्यावर झालेला रस्ताही तसाच वळतो. कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजायची, वरच्या अंगाची पावसावर. एका सोसायटीची कंपाउंडची भिंत धनुष्यासारखी वाकडी का, असं मला तिथल्या सेक्रेटरींनी विचारलं होतं. त्यांना वाटत होतं गवंड्याने चूक केली. गवंडी बिचारा कालव्याच्या हद्दीला धरून चालला होता.

पण मग हे गाव उपनगर कधी आणि का झालं? लोक मला एखादं साल विचारतात. तसं साल नसतं. मी तुम्हाला फेरफाराचं रजिस्टर दाखवू शकलो असतो तर तुम्हालाच दिसलं असतं. गावात जमिनीच्या हक्कात जो काही बदल होतो, खरेदी, वारस, वाटणी, गहाण, त्याची एक नोंद गाव नमुना ६ मध्ये होते आणि तिला क्रमांक पडतो. हक्कनोंदणी सुरू झाल्यापासून पहिली कित्येक वर्षं नोंदी सावकाश चालतात : अमुक मयत, वारस मुलगे तीन. अमुकने सरकारकडून तगाई (शेतीचं कर्ज) घेतली. मग एके ठिकाणी हस्ताक्षर बदलतं, शाई बदलते, आणि नोंदी धावायला लागतात. ‘खरेदी’, ‘खरेदी’, ‘बिनशेती आदेश’, ‘खरेदी’. कोथरूड हे आशियातलं सर्वांत वेगाने वाढलेलं उपनगर, असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते कुणी मोजलं याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्यापुरता पुरावा म्हणजे त्या रजिस्टरांची जाडी.

पहिली मोठी माणसं या बाजूला आली ती घर बांधायला नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. शहरात ज्या माणसाने विधवेशी लग्न केलं त्याच्या संस्थेला जागा कोण देणार? रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. शहरात प्लेगचा धुमाकूळ चालला होता, त्यात शहराबाहेरची जागा सोयीची ठरली. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि शिकवून झालं की हिंगण्याला चालत जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. ज्या रस्त्याला त्यांचं नाव आहे त्या रस्त्यावर तुम्ही आज सिग्नलला दहा मिनिटं उभे राहून वैतागता, तेव्हा हे एकदा आठवून पाहा. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ तिथूनच सुरू झालं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं आणि पुढे हिंगणे बुद्रुक हे नाव हळूहळू मागे पडून कर्वेनगर झालं. सातबाऱ्यावर मात्र हिंगणे बुद्रुकच.

मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. शहराला जे आपल्यात नको होतं ते सगळं आधी इकडे आलं. आधी विधवांचा आश्रम, मग कारखाने, मग कचऱ्याचा डेपो. मध्यमवर्ग शेवटी आला आणि मग तो म्हणायला लागला की कोथरूड आमचं.

कारखान्यांचं सांगतो. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये सुरू झाली, तिचा कारखाना कोथरूडला. पौड रस्त्यावर वनाज. गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर बनवणाऱ्या या कंपनीचं नाव आधी बसथांब्याला लागलं आणि आता मेट्रोच्या स्थानकाला लागलं आहे. कामगारांना जवळ राहायला जागा लागली. गावातल्या शेतकऱ्याने घरामागे चार खोल्या काढल्या, भाड्याने दिल्या. गावातली काही पोरं कारखान्यात लागली. पगाराची चव लागल्यावर जिरायत जमिनीत राबायला कोण तयार होतो? उपनगराची पहिली खूण उंच इमारत नसते, भाड्याच्या खोल्या असतात. फेरफारात त्या दिसत नाहीत, घरपट्टीच्या आकारणीत दिसतात.

मधेच १२ जुलै १९६१ येऊन गेलं. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी झाल्या. कोथरूडवर त्याचा परिणाम सरळ नाही, तो मनावर झाला. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं की वाडा सोडता येतो. त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने वाड्याचं भाडं गोठलेलं. पाच-दहा रुपये भाड्यात मालक कौलं बदलत नव्हता आणि भाडेकरू सोडत नव्हता. वाड्यातल्या दोन खोल्यांत लग्न झालेले दोन भाऊ आणि एक सामाईक संडास, यातून सुटायचं तर जायचं कुठे? जिथे सायकलने किंवा बसने बँकेत, कचेरीत पोचता येईल आणि जमीन परवडेल, तिथे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ती जागा कोथरूड होती. बँकेतले, विम्यातले, टेलिफोनमधले, शाळेतले लोक एकत्र येऊन सहकारी गृहरचना संस्था काढू लागले. सोसायट्यांच्या नावांत अजून तो काळ दिसतो.

आता शेतकऱ्याने जमीन का विकली, हा भाग लोक फार ढोबळ सांगतात. ‘पैशाला भुलले’ म्हणतात. मी कागद पाहिलेत, तेवढं सोपं नव्हतं. तीन कायदे एकामागून एक त्याच्या अंगावर आले.

पहिला कुळकायदा, १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला आणि जिथे तो लागू झाला तिथे कसणारं कूळ मालक झालं. काही नंबरांवर मूळ मालकाचं नाव जाऊन कुळाचं लागलं आणि ‘कलम ४३ ला अधीन’ असा शेरा आला. म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. दुसरी गोष्ट वतनांची. पाटीलकी, कुलकर्णी, महार वतन ही सगळी पन्नास आणि साठच्या दशकांत वेगवेगळ्या कायद्यांनी खालसा, म्हणजे सरकारजमा, झाली. नजराणा भरून जमिनी परत मिळाल्या, त्यातल्या काही नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. देवस्थान इनाम मात्र राहिलं, आणि ते विकता येत नाही. तुमच्या भागात कुणी स्वस्तात जागा देऊ केली तर आधी हा शेरा बघा. स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेलं असतं.

तिसरा घाव सगळ्यात मोठा. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. पुण्यासारख्या शहरात एका माणसाला रिकामी जमीन १,००० चौरस मीटरपर्यंतच. शेती असेल तर सूट, पण विकास आराखड्यात ती जागा निवासी दाखवली असेल तर ती शेती धरायची नाही. कोथरूडचा शेतकरी ज्वारी पेरत होता आणि आराखडा म्हणत होता की तू राहण्याची जागा मोकळी ठेवली आहेस. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. ज्याच्याकडे चार एकर, त्याची तीन एकरांहून जास्त जमीन सरकारात जायची भीती. मग त्याने काय करावं? काहींनी दुर्बल घटकांसाठी घरांची योजना दाखवून सूट घेतली, तिथे बिल्डर भागीदार झाले. काहींनी विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र देऊन हात झटकले. आणि ज्यांची जमीन टेकडीच्या उतारावर होती, जिथे आराखड्यात बांधकामच नव्हतं, त्यांनी ती गुंठा-गुंठा करून साध्या कागदावर, कधी शंभराच्या स्टँपवर विकली. घेणारे कारखान्यातले, बांधकामावरचे, घरकाम करणारे. सुतारदरा, किष्किंधानगर हे भाग चढून पाहा. तिथल्या घराचा मालक जितका पक्का, कागद तितकाच कच्चा. २००१ मध्ये अशा गुंठ्यांवरची घरं नियमित करायला गुंठेवारीचा कायदा आला, २००७ च्या नोव्हेंबरात कमाल धारणा कायदा महाराष्ट्रातून गेला, पण तीस वर्षांत जे घडायचं ते घडून गेलं होतं.

आता तुमची अकरा माणसं. तुमच्या जमिनीचा मूळ मालक, म्हणजे या अकरांचा आजा किंवा बाप, याने ऐंशीच्या दशकात बिल्डरला विकसनासाठी जमीन दिली असणार. बिल्डरने इमारत बांधली, तुम्हाला फ्लॅटचे करारनामे दिले, सोसायटी नोंदवून दिली आणि जमिनीचं खरेदीखत सोसायटीच्या नावे करून द्यायचं राहून गेलं. किंवा राहू दिलं, कारण पुढेमागे वाढीव एफएसआयचा (जागेवर किती बांधता येईल त्या प्रमाणाचा) फायदा. १९६३ च्या मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याने ते करून देणं त्याला बंधनकारक होतं. न दिल्यामुळे जमीन कागदोपत्री त्या शेतकऱ्याचीच राहिली. तो वारल्यावर वारसनोंद झाली. आधी मुलगे लागले असतील. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला, मग बहिणींची नावं आली, मग एखादा मुलगा गेला आणि त्याची बायकोमुलं आली. तीनाचे अकरा असे होतात.

कमिटीत कुणीतरी म्हणालं असेल की ही माणसं आता पैसे उकळायला येणार. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांना आपलं नाव तुमच्या कागदावर आहे हेच माहीत नसतं. बहिणी मुळशीत किंवा मावळात दिलेल्या असतात. तुम्ही ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावे लावून घेण्याचा) अर्ज करा, त्याची सोय कायद्यात २००८ पासून आहे. सक्षम अधिकारी त्यांना नोटिसा काढेल. नोटीस जायच्या आधी एकदा कमिटीतल्या दोघांनी त्यांच्या घरी जाऊन या. पत्ता गावठाणातच मिळेल. पोस्टाने आलेली सरकारी नोटीस पाहून माणूस आधी वकील गाठतो, घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतो.

कागद कुठले काढायचे ते सांगतो, जसे सुचतात तसे. १९३० च्या आसपासपासूनचे सातबारे आणि त्यांवर गोलात लिहिलेला प्रत्येक फेरफार. गोलातला एकही आकडा सोडू नका, गोम नेमकी सोडलेल्या आकड्यात निघते. भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या सर्वे नंबरचं टिपण, गुणाकार बुकाचा (क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीचा) उतारा आणि हिस्सा पडला तेव्हाचा फाळणी नकाशा. क्षेत्रात फेर झाला असेल तर कमी-जास्त पत्रक. सिटी सर्वे झाल्यावरचं चौकशी रजिस्टर, त्यात मोजणीच्या दिवशी जागेवर कोण होतं आणि काय म्हणालं हे लिहिलेलं असतं, वाचायला मजा येते. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट. शंभर-दीडशे वर्षांच्या मागचं हवं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण ते मोडीत. पुनर्विकासासाठी त्याची गरज नाही. हौस म्हणून मात्र जरूर जा, मोडी वाचणारी मंडळी पुण्यात अजून आहेत.

सातबारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही चालू असतील आणि दोन्हींवर क्षेत्र वेगळं दिसत असेल तर घाबरू नका. अशा जोड्या शहरात पुष्कळ आहेत. पण करार करण्याआधी दोन्ही जुळवून घ्या, बिल्डरचा वकील ‘पुढे बघू’ म्हणाला तरी. पुढे कुणी बघत नाही.

आणि प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. अर्ज करताना लवकरच्या मोजणीची जास्त फी भरली तर लवकर तारीख मिळते. मोजणीला लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जागांच्या मालकांना, नोटीस जाते, भूकरमापक येतो, हद्दी दाखवतो आणि मग ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. मी नोकरीत असताना एका सोसायटीत अशीच मोजणी केली होती. फाळणी नकाशावर एक छोटा गोल आणि त्यात ‘विहीर’ लिहिलेलं. जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत ‘विहिरीत चार आणे हिस्सा’, म्हणजे चार भावांनी पाळीपाळीने पाणी घ्यायचं. सोसायटीतल्या कुणालाही विहीर माहीत नव्हती. पण दर पावसाळ्यात पार्किंगच्या एका कोपऱ्यात फरशी खचायची आणि ते दर वर्षी नवा गवंडी आणायचे. चार आणे हिश्श्याची ती विहीर बिल्डरने राडारोडा टाकून बुजवली होती आणि बरोबर त्या कोपऱ्यात होती.

कचरा डेपोचं अर्धवट राहिलं. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला आणि त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कोथरूडमध्ये ऐंशी साली जे फेरफार लिहिले जात होते ते आता त्या गावांत लिहिले जात आहेत, फक्त हाताने नाही, संगणकावर. माझ्याकडे सर्चला येणाऱ्या फायलींवर आता त्या मौजांची नावं जास्त असतात.

तुमच्या मोजणीच्या दिवशी त्या अकरांपैकी कुणी वयस्कर आलं तर त्यांना सावलीत खुर्ची द्या, चहा द्या आणि विहीर कुठे होती, ओढा कुठून जायचा, बांधावर कुठली झाडं होती ते विचारून घ्या. ते हात करतील तिथे खडूने खूण करून फोटो काढून ठेवा. पाया खणायच्या वेळी बिल्डरच्या इंजिनिअरला तो फोटो लागेल.